मेजावरचा खेळ माजघरात

गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंजारराव’ केले ते १८९० मध्ये. व्हेनिस गेले, मूर सरदार गेला, डेस्डिमोनाची कमळजा झाली. संशय मात्र जसाच्या तसा राहिला. रूपांतर करताना काय ठेवायचे, काय टाकायचे आणि काय नव्याने घालायचे, हा प्रश्न मी गेली पंधरा-सोळा वर्षे देगलूरच्या मुलामुलींना विचारीत आलो आहे आणि तीही ठरावीक नोट्समधले ठरावीक उत्तर लिहून मोकळी होत आली आहेत. हाच प्रश्न पुण्याच्या एका कचेरीत बसून माझा भाचा रोज सोडवीत असतो व त्याबद्दल त्याला पगार मिळतो, हे कळले तेव्हा मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. थोडासा मत्सरही वाटला, हे लपवीत नाही.

भाच्याच्या कंपनीचा व्यवसाय असा : कॉम्प्युटरवर इंटरनेटच्या साह्याने शेकडो माणसे एकदम खेळतात असे जे खेळ असतात, ते टीव्हीला जोडायच्या पेटीवर, म्हणजे कन्सोलवर, चालतील असे करून द्यायचे. ज्यांच्या घरात बारा ते वीस वर्षांचे अपत्य आहे त्यांना ही पेटी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात नाही त्यांनी ती केवळ खेळासाठीच घडवलेला, झाकण न उघडणारा कॉम्प्युटर आहे एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आमच्या दाजींना मात्र हा व्यवसाय पटत नसे. देगलूरच्या बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे. “पोरगं दिवसभर खेळायलाय आणि म्हणं पगार मिळायलाय!” असे ते गिऱ्हाइकांना मोठ्याने सांगत. मुलाने बँकेची परीक्षा द्यावी, नाही तर गादीवर येऊन बसावे, असा त्यांचा आग्रह. मी मध्ये पडलो. “दोन वर्षे त्याला द्या, मग बोला,” असा शब्द मी दाजींना दिला, आणि ती दोन वर्षे यंदाच्या दिवाळीला संपत होती. त्यातच भाचा ज्या खेळावर काम करीत होता तो पेटी बनवणाऱ्या कंपनीने तपासून दोनदा परत पाठवला होता. काम मंजूर झाल्याखेरीज पैसे मिळणार नव्हते. तिसऱ्यांदा परत आला असता तर भाच्याची चार जणांची तुकडी मोडणार, हे ठरल्यासारखेच होते. तेव्हा ‘एका पेटीतला खेळ दुसऱ्या पेटीत घालायला एवढे काय लागते?’ या दाजींच्या प्रश्नाला उत्तर शोधणे मला भाग पडले.

पहिली अडचण अंतराची. कॉम्प्युटरपुढे माणूस मेजाशी बसतो. पडदा नाकापासून हातभर. टीव्ही भिंतीला, आणि खेळणारा समोरच्या कोचावर किंवा सतरंजीवर, आठ-दहा फुटांवर. मेजावर जी अक्षरे सुबक दिसतात ती तिथून मुंग्यांची रांग वाटतात. फळ्यावर बारीक लिहिणाऱ्या प्राध्यापकाला शेवटच्या बाकावरून जे ऐकावे लागते, तेच या मंडळींनाही ऐकावे लागते. बरे, अक्षर मोठे करावे तर मजकूर मावत नाही. म्हणजे मजकूरच कमी करायला हवा. आणि काय गाळायचे हे ठरवले, की इथूनच रूपांतर सुरू झाले.

दुसरी अडचण हाताची. कॉम्प्युटरला शंभराच्या आसपास कळा, शिवाय पडद्यावरच्या कोणत्याही ठिपक्यावर नेमके बोट ठेवणारा माउस. कन्सोलच्या हातातल्या कंट्रोलरला जेमतेम दीड डझन बटणे आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या. या बाबतीत ‘डायाब्लो ३’ या खेळाची हकीकत मला फार उद्बोधक वाटली. हा राक्षससंहाराचा खेळ १५ मे २०१२ रोजी कॉम्प्युटरवर आला. एकट्याने खेळायचे म्हटले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे त्यात सक्तीचे होते, आणि पहिल्याच दिवशी अशी झुंबड उडाली की पैसे मोजलेल्या हजारो लोकांना दारातच ‘एरर ३७’ ही पाटी वाचीत बसावे लागले. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये तो कन्सोलवर आला.

कॉम्प्युटरवर त्याची रीत अशी होती की माउसने जमिनीवर जागा दाखवायची, म्हणजे नायक तिथवर चालत जाई. कन्सोलवर बोट दाखवायला माउसच नाही. तेव्हा दांडी ज्या बाजूला झुकवावी त्या बाजूला नायक चालेल असे करावे लागले. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो. पण नोकराला जागा दाखवणे आणि आपण स्वतः चालणे यांत जेवढा फरक आहे तेवढा तो आहे. स्वतः चालणाऱ्याला घाव चुकवावासा वाटतो, म्हणून दुसऱ्या दांडीवर अंग चोरून लोळण घेण्याची एक नवी युक्ती आली. मूळ खेळात ती नव्हतीच. मेलेल्या राक्षसांकडून मिळणाऱ्या शस्त्रांचे आणि चिलखतांचे ढीग माउसने निवडणे सोपे होते, पण बटणांनी ते निवडत बसणे म्हणजे भांड्यांच्या दुकानात डोळे बांधून चमचा शोधण्यासारखे. म्हणून कन्सोलवर वस्तू कमी, पण अधिक कामाच्या पडतील असे केले. आणि गंमत अशी, की ही सुधारणा लोकांना इतकी मानवली की फेब्रुवारी २०१४ मध्ये मूळच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातही त्याच धर्तीचा बदल झाला. रूपांतराने मूळ ग्रंथ सुधारल्याची अशी उदाहरणे साहित्यात मला फार सापडत नाहीत. देवलांचे नाटक वाचून शेक्सपियरला काही करता येण्याजोगे नव्हते.

शिवाय कन्सोलवर इंटरनेटची सक्ती नव्हती, आणि एकाच टीव्हीपुढे चार जणांना मांडीला मांडी लावून खेळता येत होते. मेजावर प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा बसून जगाशी खेळत होता. तोच खेळ माजघरात आल्यावर घरच्या माणसांत आला. हे मात्र दाजींना लगेच पटले. पत्ते आणि सोंगट्या यांविषयी त्यांचे मत पहिल्यापासून चांगले आहे.

पण सगळेच खेळ असे थोड्या बटणांत बसत नाहीत. ‘फायनल फॅन्टसी १४’ हा जपानी खेळ घ्या. त्यात एकेका योद्ध्याला वीस-पंचवीस विद्या येतात आणि लढाईत त्या क्षणात वापराव्या लागतात. हा खेळ सप्टेंबर २०१० मध्ये कॉम्प्युटरवर आला आणि साफ पडला. त्याबरोबरच कबूल केलेली प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती लांबणीवर पडली. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा या गृहस्थांकडे सूत्रे आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने जग बंद करून २७ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांनी तो खेळ नव्याने, या खेपेला कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशन ३ या दोहोंवर एकदम, सुरू केला. बटणांचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला हे भाच्याने मला दाखवले तेव्हा मला एकदम आमच्या कॉलेजच्या कचेरीतले जुने मराठी टंकलेखन यंत्र आठवले. इतक्या थोड्या कळांत बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची, तर शिफ्टची कळ हवीच. ती दाबली की प्रत्येक कळ वेगळे बोलू लागते. इथेही तेच! डाव्या तर्जनीखालचे बटण दाबून धरले की बाकीच्या आठ बटणांना आठ विद्या, उजव्या तर्जनीखालचे धरले की त्याच आठांना दुसऱ्या आठ. एका पानावर सोळा, आणि पान उलटले की आणखी सोळा. टंकलेखिका जशी कळांकडे न पाहता लिहीत, तशी ही मुले हाताकडे न बघता लढतात.

तिसरी अडचण जागेची. वाड्यातून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ज्यांनी संसार हलवला आहे, त्यांना ती सांगायलाच नको. कॉम्प्युटरला स्मृती कमी पडली तर मालक बाजारातून आणखी आणून बसवतो. कन्सोलचे झाकण कारखान्यात बंद झाले ते झाले. प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ मेगाबाइट एका कामाला आणि २५६ मेगाबाइट चित्रांना, एवढीच स्मृती होती. आज साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये याहून अधिक असते. त्यात अख्खे नगर, त्यातली माणसे, त्यांची वस्त्रे, त्यांच्या थैल्या! एकट्याच्या खेळात गर्दी किती जमवायची हे लेखकाच्या हाती असते. ऑनलाइन खेळात ते कोणाच्याच हाती नसते. चौकात उत्सव आहे असे कळले की दोनशे जण येतात, प्रत्येकाचा वेष निराळा. मग यंत्राला धाप लागते. यावर तोड म्हणून जवळची माणसे दाखवायची आणि लांबची तूर्त दाखवायचीच नाहीत, असे करतात. ती तिथे असतात, आपल्याला पाहतही असतात. आपल्याला तेवढी दिसत नाहीत. बंबापासून पाटापर्यंत सगळे सामान नेण्याचा हट्ट धरला, तर बिऱ्हाड करणाऱ्यालाच बाहेर झोपावे लागते.

हे उद्योग जपान-अमेरिकेतच चालतात असे मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी निंटेंडो स्विच या हातात धरायच्या कन्सोलवरच आला, आणि ऑक्टोबरात कॉम्प्युटर व इतर कन्सोलवर. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती कथा आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी चिकाटी सोडली नाही, आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. तो ऑनलाइन खेळ नव्हे, त्यामुळे पुढे सांगतो त्या भानगडी त्यांच्या वाट्याला आल्या नसाव्यात. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा ऑनलाइन रणखेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो मोबाईलवर. दाजींपुढे ही दोन नावे मी मुद्दाम टाकली. “पुण्यातले का?” एवढेच ते म्हणाले, पण त्या सुरात फरक होता.

ऑनलाइन खेळाची खरी भानगड अशी की तिथे खेळाबरोबर माणसेही हलवावी लागतात. कॉम्प्युटरवर खेळणारा आणि कन्सोलवर खेळणारा एकाच नगरात भेटणार की दोघांची नगरे वेगळी? ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ एप्रिल २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर आणि जून २०१५ मध्ये कन्सोलवर आला, पण कन्सोलवाल्यांना स्वतंत्र जग मिळाले. उलट ‘फायनल फॅन्टसी १४’ मध्ये दोघे एकत्र. एकत्र आणायला यंत्राची अडचण असतेच, पण कंपन्यांच्या मानापमानाची अधिक असते. ‘फोर्टनाइट’ या अतिलोकप्रिय खेळात सोनीने आपल्या पेटीवरच्या मुलांना दुसऱ्या कन्सोलवरच्या मुलांशी खेळू दिले ते सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि तेही पुष्कळ ओरड झाल्यावर. एका आळीतली दोन मुले, दोघांकडे तोच खेळ, पण पेट्या वेगळ्या म्हणून एकत्र खेळायला बंदी! सोवळ्याओवळ्याचे हे नवे प्रकार पाहून मला हसू आले.

आणि भेटली तरी बोलणार कशी? मेजाशी बसलेल्याच्या हाताखाली कीबोर्ड असतो. तो भराभर लिहितो. कोचावरच्याने अंगठ्याने एकेक अक्षर टिपायचे, तेवढ्यात राक्षस येऊन जातो. या प्रश्नावर मला सर्वांत आवडलेले उत्तर ‘फायनल फॅन्टसी ११’ चे. हा खेळ मे २००२ मध्ये जपानात प्लेस्टेशन २ वर आला, त्याच वर्षी कॉम्प्युटरवर, आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकेत. जपानी आणि इंग्रजी बोलणारे एकाच जगात येऊन पडले, आणि एकाला दुसऱ्याचे अक्षर कळेना. तेव्हा खेळातच तयार शब्दांचा आणि वाक्यांचा एक कोश दिला : नमस्कार, मदत हवी आहे, थांबा, अमुक शस्त्र, तमुक गाव. आपण आपल्या भाषेत त्यातले वाक्य निवडायचे. ते समोरच्याला त्याच्या भाषेत, हिरव्या-तांबड्या कंसांत दिसे. कोशातून निवडायला कीबोर्डही लागत नसे.

देगलूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडून तेलंगण हाकेच्या अंतरावर आणि कर्नाटक त्याच्या शेजारी. आमच्या आठवडी बाजारात तेलुगू बोलणारी बाई मिरची विकते, कानडी बोलणारा बैल बघतो, भाव उर्दूमिश्रित दखनीत ठरतो आणि भांडण मराठीत होते. कोणालाच कोणाची भाषा पुरी येत नाही. प्रत्येकाला ‘केवढ्याला’, ‘कमी करा’, ‘उद्या देतो’ एवढे मात्र चारही भाषांत येते. तोच तो कोश. आमच्या माणसांच्या तोंडात बसला आहे, इतकेच. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे कबूल करणे जड जाते, पण त्या कंसांतल्या तुटक शब्दांवर अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांचे जीव वाचवले आहेत.

या खेळाचा शेवटही सांगण्यासारखा आहे. प्लेस्टेशन २ च्या मर्यादेपायी त्यात पुष्कळ सुधारणा करता येत नाहीत, अशी वर्षानुवर्षे तक्रार होती. ३१ मार्च २०१६ रोजी त्या पेटीवरची, आणि एक्सबॉक्स ३६० वरचीही, सेवा बंद झाली आणि जग फक्त कॉम्प्युटरवाल्यांपुरते उरले. ‘फायनल फॅन्टसी १४’ नेही जून २०१७ मध्ये प्लेस्टेशन ३ सोडले. जुन्यांना नव्या पेटीवरचा खेळ फुकट दिला, पण पेटी ज्याची त्याने घ्यायची होती. ज्यांना परवडली ते गेले. मागे राहिलेल्यांनी शेवटच्या दिवशी काय केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता राहिली परीक्षा, जीत भाचा अडला होता. आपल्याकडे नाटकाचा प्रयोग लावण्यापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तशी कन्सोलवर खेळ विकायचा तर पेटी बनवणाऱ्या कंपनीची मंजुरी लागते. फरक असा की मंडळ शब्द पाहते, ही मंडळी अपघात पाहतात. खेळताना कंट्रोलरची विद्युतघटी संपली तर खेळ थांबून तसे सांगतो का? बटणांची नावे त्या पेटीच्या रीतीप्रमाणे आहेत का? इंटरनेट तुटले तर खेळणाऱ्याला सरळ भाषेत कळते का? कॉम्प्युटरवर यातले काही राहून गेले तर लोक शिव्या देतात आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती येते. इथे प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा रांग, पुन्हा तपासणी.

भाच्याचा खेळ या शेवटच्या कलमावर अडला होता. जोडणी गेली की पडद्यावर एक चक्र फिरत राही आणि खेळ काहीच बोलत नसे. पुण्याच्या कचेरीत त्यांनी पुन्हा पुन्हा वायर उपटून पाहिली. प्रत्येक वेळी खेळ ‘जोडणी तुटली’ असे शहाण्यासारखे सांगे. दुरुस्त झाले म्हणून पाठवले, तर त्याच शेऱ्यासह परत आले.

गणपतीच्या सुट्टीत कंपनीची रीतसर परवानगी घेऊन भाचा कामाची पेटी देगलूरला घेऊन आला आणि दुकानावरच्या माडीवर मांडून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. दाजींकडे इन्व्हर्टर आहे. टीव्ही, पेटी आणि भिंतीवरचा वायफायचा डबा चालूच राहिला. पण पलीकडची लाइन मेली होती. डब्याचा दिवा लुकलुकत होता आणि पडद्यावर ते चक्र फिरू लागले. मी म्हणालो, “अरेरे!” भाचा मात्र उठून नाचायचाच बाकी राहिला.

त्याने मला समजावले ते असे : वायर उपटली की जोडणी तुटल्याचे यंत्राला लगेच कळते. पण घरातला डबा जिवंत आणि पुढची वाट बंद, अशा वेळी यंत्राला वाटते की सारे ठीक आहे, निरोप यायला उशीर होतोय एवढेच. आणि ते वाट पाहत बसते. यावर उपाय म्हणजे ठरावीक सेकंदांनी पलीकडे हाक मारायची. काही हाकांना ओ आली नाही की जोडणी गेली असे धरायचे आणि खेळणाऱ्याला तसे सांगायचे. कॉम्प्युटरवरच्या मूळ खेळात ही हाक होती. कन्सोलसाठी जोडणीचा भाग नव्याने लिहिताना ती गळली होती. पुण्याच्या कचेरीत लाइन कधी अशी अर्धवट मरत नाही, म्हणून तिथे ते कोणाला दिसलेच नाही.

दाजी जिन्यात उभे राहून हे ऐकत होते. “म्हंजे, उधारीवाल्याचं दुकान उघडं दिसायलाय, पण मालक गाव सोडून गेलाय,” ते म्हणाले.

“अगदी तसंच, अण्णा,” भाचा म्हणाला.

“मग रोज माणूस पाठवून बघायला नको?”

त्या दिवसापासून तीन रात्री माडीवरचा दिवा जळत होता आणि अक्का वरच्या वर चहा पाठवीत होती. दाजींनी एकदा स्वतः खाली जाऊन, सांगितल्याबरोबर इन्व्हर्टरचा खटका बंद करून, चालू करून दाखवला.

मंजुरीचे पत्र आले ते पितृपंधरवड्यात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी. अशा दिवसांत चांगली बातमी घरात घ्यावी की नाही याविषयी अक्काच्या मनात थोडी चलबिचल झाली. पण पेढे आले. मी दाजींना माझ्या शब्दाची मुदत आठवून दिली. त्यांनी ते ऐकले न ऐकलेसे केले आणि भाच्याला विचारले,

“एकदा पास झाला म्हंजे कायमचा का?”

“नाही, अण्णा. खेळात काही नवं घातलं की पुन्हा तपासणी. दोन महिन्यांनी परत आहेच.”

“आणि पैसे?”

“ते एकदाच. करार तसाच आहे.”

दाजींनी पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला. “दुकानच्या परवान्याला दर खेपेला फी भरतो की नाही आम्ही?” ते म्हणाले. “तुमच्या सायबाला सांग, पुढच्या करारात दर तपासणीचे पैसे निराळे लाव म्हणावं. त्याला लिहिता येत नसंल तर मामा लिहून देतील.”

मसुदा मी दसऱ्याच्या आत मराठीत करून दिला आहे; त्याचे इंग्रजी रूपांतर भाचा करतो आहे.